वाचकांचे प्रश्न : वस्तीवर फॉर्म घेऊन जाण्याआधी

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की आदिवासी अन् विमुक्त-भटक्या समाजांचं आरोग्य आणि त्यांना मिळणारा (म्हणजे बहुतेक वेळा न मिळणारा) न्याय हे दोन विषय कॉलेजात वेगवेगळ्या खोल्यांत शिकवले जातात, ते एकत्र शिकवायला पाहिजेत. त्यावर सोलापूर शहर, मोहोळ, बार्शी, करमाळा असं सगळीकडनं आलं, कौतुक कमी अन् प्रश्न जास्त, ते बरंच झालं. काही निवडक घेतोय. विचारणाऱ्यांची नावं मुद्दाम छापली नाहीत.

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोहोळ तालुक्यातली. प्रबंधाचा विषय पारधी महिलांचं बाळंतपण आणि आरोग्यसेवा. गाइड म्हणाले शंभर फॉर्म तरी पाहिजेत. वस्तीवर गेले तर निम्म्या बायका पालाबाहेर आल्याच नाहीत, अन् एका आजीने तोंडावर विचारलं, "नाव कशाला लिहितीस बाई? कुणाला देणार हायस?" मी म्हटलं कॉलेजला, तर त्या हसल्याच. विषय बदलू का?

उत्तर : विषय अजिबात बदलू नकोस. आजींना उत्तर मात्र दे, अन् 'कॉलेजला' हे काय उत्तर नव्हे.

त्या का हसल्या बघ. 1871 ला इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्स अॅक्ट केला, 1911 ला तो नव्याने करून आपल्या मुंबई इलाख्यातही आणला, 1924 ला परत एकदा सुधारला. अख्खी जातच्या जात, पारधीही त्यातच, जन्मानं गुन्हेगार ठरवायची, प्रत्येकाचं नाव रजिस्टरात, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, अन् परगावी जायचं तर पास. आपल्या सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंटच होती, आतली माणसं गिरणीत कामाला जायची अन् परत येऊन हजेरी द्यायची. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला (म्हणून हे समाज 'विमुक्त'), पण लगेच राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले (आपल्याकडचा 1959 चा) त्यामुळे रजिस्टर बंद झालं असं त्या लोकांना कधी वाटलंच नाही. कुठं चोरी झाली की गाडी पहिली वस्तीवरच येते. म्हणजे आजींच्या तीन पिढ्यांत जो कोणी कागद-पेन घेऊन आला तो काहीतरी घेऊनच गेला, देऊन गेला नाही, अन् त्यात आता तू उभी आहेस.

दुसरीकडे गोची अशी की नोंद नसेल तर पैसा पण येत नाही. विमुक्त-भटक्यांचा वेगळा आकडा जनगणनेत नाही, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही वेगळा रकाना नाही, मग योजना आखताना सगळे अंदाजपंचे. केंद्राने विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने 2008 ला, नंतर इदाते आयोगानेही हेच रडगाणं गायलं, की आधी यांना नीट मोजा. तेव्हा लिहायचंच नाही हा मार्ग नाही. लिहिलेलं कुणाच्या हातात राहणार हा खरा प्रश्न आहे, आणि तो तुझ्या प्रबंधात पहिल्या प्रकरणातच यायला पाहिजे, मागे परिशिष्टात नको.

आता कामाचं. नाव लिहूच नकोस, नंबर टाक. नंबर कुणाचा कुठला ती यादीच बनवू नकोस, तुला ती लागणारच नाहीये. गावाचं नाव पण नको, तालुका पुरे. फोटो नको, सहमतीच्या फॉर्मवर अंगठा तर नकोच नको (अंगठ्याचं काय झालेलं ते वर सांगितलंच), तोंडी सहमती साक्षीदारासमोर घे अन् तसं कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडून (संशोधनाची नीती बघणारी समिती) आधीच मंजूर करून घे, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा सवलतीला जागा आहे. त्याच सूचना हेही सांगतात की समाजाच्या पुढाऱ्यांची परवानगी घ्या, पण ती त्या बाईच्या स्वतःच्या परवानगीच्या जागी चालत नाही. पंच हो म्हणाले म्हणून सुनेनं बोललंच पाहिजे असं नाही. जातपंचायतीचा धाक किती असतो ते तुला मी काय सांगू, 2016 ला सामाजिक बहिष्काराविरोधात कायदा उगाच नाही करावा लागला.

शंभर फॉर्मचं गाइडशी बोल. एका वस्तीतल्या शंभर बायकांची टक्केवारी काढून पारधी महिलांबद्दल काहीच सिद्ध होत नाही, पाय चार्ट तेवढा सुंदर निघतो. त्यापेक्षा बारा-पंधरा जणींशी निवांत, परत परत जाऊन बोललेलं कितीतरी दमदार. अन् जाताना काहीतरी कामाचं घेऊन जा. जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला ग्रामीण भागात 700 रुपये मिळतात, आपल्या राज्यात ते दारिद्र्यरेषेखालच्या आणि एससी-एसटी बायकांना, बहुतेक पारधी एसटीत येतात, पण दाखला नाही, बँकेत खातं नाही, आधारवरचं नाव वेगळं, मग अडकलं. असे कुणाकुणाचे अडकलेत ते बघ, तहसीलला एक चक्कर मार त्यांच्याबरोबर. रांगेत उभं राहून जे कळेल ना ते कुठल्याच फॉर्मात येणार नाही.

प्रश्न : एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे, कुठल्या ते छापू नका. रात्री कॅज्युअल्टीला एक माणूस आला, डोक्याला खोक, बरोबर बायको आणि लहान पोरं. सीनियर म्हणाले आधी एमएलसी (मारहाण-अपघाताच्या पेशंटची पोलिसांना कळवायची नोंद) कर, चौकीतल्या पोलिसाला बोलव. मी कागद घेऊन वळेपर्यंत खाट रिकामी. सकाळी कोणीतरी म्हणालं, "पारधी असतील, त्यांचं असंच असतंय." मला काही ते पटलं नाही. याच्यावर आम्हाला कुणी काही शिकवलेलं पण नाही.

उत्तर : पटलं नाही ते बरंच झालं डॉक्टर. आधी कायद्याचं. परमानंद कटारा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1989 लाच सांगून ठेवलंय की जखमी माणसाचा जीव वाचवणं पहिलं, पोलिसांचे सोपस्कार नंतर. तेव्हा 'आधी एमएलसी' हा क्रमच उलटा आहे. टाके घाला, टीटी द्या, बायकोला पाणी द्या, मग शेजारी बसून सांगा की आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं, का लागतं, आणि हा कागद तुमच्या विरोधात नाही तर तुम्हाला कुणी मारलं असेल तर तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. एवढं बोलायला फार वेळ लागत नाही, पण फोरेन्सिकच्या लेक्चरला एमएलसी शिकवतात ती कोर्टाच्या बाजूने, पेशंटच्या बाजूने ती कशी दिसते ते कुणी शिकवत नाही. पोलीस बघितल्यावर जखम घेऊन पळणारा माणूस अडाणी नसतो ओ, त्याचा हिशोब पक्का असतो, टाके न घालता वाचण्याची शक्यता जास्त की आत जाऊन न अडकण्याची, हे तो मिनिटात ठरवतो.

उलट बाजूही माहीत असू दे. अटक झालेल्या माणसाला तुमच्याकडे तपासणीला आणतात तेव्हा 'जखमा नाहीत' असं उभ्या उभ्या लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. नव्या बीएनएसएसच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 53 प्रमाणे (जुनं सीआरपीसी 54) अंगावरच्या जखमा, मारहाणीच्या खुणा, त्या अंदाजे केव्हाच्या हे सगळं डॉक्टरने लिहायचंय आणि रिपोर्टची प्रत त्या अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायचीय. सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालानुसार कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी तपासणी. म्हणजे कोठडीत काय होतंय ते बाहेर सांगू शकणारा एकमेव बाहेरचा माणूस बऱ्याचदा तुम्हीच असता, इंटर्न असलात तरी. पोलिसांना खोलीबाहेर थांबायला सांगा, जमत नसेल तर ऐकू येणार नाही एवढं तरी लांब.

बाहेरच्या देशांत हे शिकवतात का असं तुम्ही पत्रात पुढे विचारलंय. ऑस्ट्रेलियात 1987 ते 1991 एक रॉयल कमिशन बसलं होतं, कोठडीत मेलेल्या 99 आदिवासी माणसांच्या मृत्यूची चौकशी केली आणि 339 शिफारशी दिल्या. गंमत म्हणजे, गंमत कसली, त्यांना असं दिसलं की कोठडीत गेल्यावर आदिवासी माणूस इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मरतो असं नाही, तो कोठडीत जातोच फार जास्त प्रमाणात, म्हणून मेलेल्यांत त्यांचे आकडे एवढे. म्हणजे दोष फक्त आतल्या डॉक्टरात शोधून भागत नाही, दारात कोण किती वेळा ढकलला जातो ते बघावं लागतं. पुढे तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात असा नियम झाला की पोलिसांनी आदिवासी माणसाला ताब्यात घेतलं की आदिवासींच्या कायदा-सेवेला फोन करायचाच, रात्री कितीही वाजले असू देत. न्यूझीलंडमधे इरिहापेती राम्सडेन नावाच्या माओरी नर्सबाईंनी तर नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच आणलं, 1992 पासून, की सेवा सुरक्षित होती का नव्हती ते नर्सने नाही ठरवायचं, पेशंटने ठरवायचं. तुमचा तो पळालेला पेशंट त्या हिशोबाने नापासचा शेरा देऊनच गेलाय की.

आपल्याकडे कोर्टाचं म्हणाल तर 2019 चा अंकुश शिंदे निकाल वर्गात वाचायला लावला पाहिजे, मेडिकलच्या पण. आपल्याच राज्यातले भटक्या समाजाचे सहा मजूर, 2009 ला सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना फाशी सुनावली, आणि दहा वर्षांनी त्याच कोर्टाने पुरावाच नाही म्हणून सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला लावली, त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. एवढी वर्षं फाशीच्या छायेत राहिलेल्या माणसाच्या डोक्याचं काय होतं हा आरोग्याचाच प्रश्न आहे ना, सायकियाट्रीच्या पेपरात कधी येतो का?

तुमच्या एमबीबीएसला 2019 पासून एटकॉम आहे, अॅटिट्यूड-एथिक्स-कम्युनिकेशन. ते तास बहुतेक ठिकाणी कसे उरकतात तुम्हाला चांगलं माहितीय. आमचं म्हणणं एवढंच की सोलापुरात मेडिकल कॉलेज आहे, लॉ कॉलेज आहे, समाजकार्य शिकवणारे आहेत, विद्यापीठ आहे, तिकडे तुळजापूरला टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) कॅम्पस, सगळं तासाभराच्या आत. या सगळ्यांच्या पोरांनी एका टेबलावर बसून एकच केसपेपर वाचायचा, डॉक्टरने, वकिलाने, समाजकार्यवाल्याने, आणि शिकवायला वस्तीतली एखादी बाई, मानधन देऊन, 'अनुभव सांगायला पाहुणी' म्हणून फुकटात नाही. यासाठी यूजीसीची नवीन योजना लागत नाही, दोन विभागप्रमुखांनी फोन उचलला तरी होतं. (उचलत नाहीत, हा भाग वेगळा.)

प्रश्न : तुमचा लेख वाचला, पण आदिवासी म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट. सोलापूर जिल्ह्यात आदिवासी कुठून आले? उगाच परदेशातलं काहीतरी आणून इथं चिकटवायचं. एक ज्येष्ठ वाचक, बार्शी.

उत्तर : काका, रागावू नका. फासेपारधी महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, आणि बार्शीच्या आसपासच ते राहतात हे तुम्हालाही माहीत असणार. राजपारधी मात्र विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि आपल्याकडे विमुक्त जातीत, म्हणजे सोयरीक झालेली दोन घरं, पण सवलती वेगळ्या. ही यादी काही देवाने केलेली नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा आदिवासी आरोग्यावरचा अहवाल 2018 ला आला, त्यातच म्हटलंय की देशातले निम्म्याहून जास्त आदिवासी आता आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. तिकडे निदान वेगळा निधी, आश्रमशाळा, वेगळे निकष काहीतरी असतं. आपल्यासारख्या जिल्ह्यात विखुरलेले असले की कुठल्याच नकाशावर दिसत नाहीत. परदेशाचं म्हणाल तर उदाहरणं आणतो ती चिकटवायला नाही, तिथं ज्या चुका होऊन कोर्टकचेऱ्या झाल्या त्या इथं परत करायला नकोत म्हणून.

प्रश्न : मुलगी म्हणते पब्लिक हेल्थ करून याच क्षेत्रात संशोधन करणार. नोकरी मिळते का हो? आई, विजापूर रोड.

उत्तर : मिळते ताई, पण बँकेतल्यासारखी नाही. प्रोजेक्टवरची असते, दोन-तीन वर्षांनी नवीन शोधायची. पीएचडी, नेट करून शिकवण्यात जायचं तर कायम जागा किती निघतात ते पेपरात वाचताच. मुलीला मराठी चांगलं लिहिता येत असेल आणि त्या समाजातली एखादी बोली शिकायची तयारी असेल तर तिला मागणी राहील, कारण इंग्रजीत रिपोर्ट लिहिणारे गल्लोगल्ली सापडतात. आधी एखाद्या संस्थेत सहा महिने काम करू द्या, मग फी भरा.

प्रश्न : मी सोलापुरातल्या सेटलमेंट फ्री कॉलनीत राहतो, आजोबा गिरणीत होते. आमच्या कॉलनीवर किती जणांनी एम.फिल., पीएच.डी. केली त्याची गणतीच नाही, एकाचीही प्रत आम्ही बघितली नाही. आता एक टीम आरोग्याचा सर्व्हे आणि रक्ताची तपासणी करणार म्हणतेय, पुण्याहून. मंडळाच्या पोरांनी मला बोलणी करायला पुढं केलंय. काय विचारू?

उत्तर : दादा, रक्त म्हणालात म्हणून एक खरी घडलेली गोष्ट आधी सांगतो, ती मंडळात पण सांगा. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. त्यांच्यात डायबेटिस फार, माणसांचे पाय कापायची वेळ यायची. 1990 च्या सुमारास त्यांनी अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांना मदत मागितली, त्यांनी रक्त घेतलं. लोकांना वाटलं डायबेटिसवर काम चाललंय. 2003 ला त्याच जमातीतल्या कार्लेटा टिलूसी युनिव्हर्सिटीत एका विद्यार्थ्याच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला जाऊन बसल्या, बघतात तर प्रबंध त्यांच्याच रक्तावर, अन् विषय भलताच. त्यांनी उभं राहून विचारलं, याला परवानगी होती का? मग एकेक बाहेर आलं, त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झालेला, जमात मुळात कुठून आली याचा पण झालेला, जे त्यांच्या श्रद्धेच्या अगदी विरुद्ध. केस चालली, 2010 ला युनिव्हर्सिटीने 7 लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. लोक ते घेऊन घरी गेले.

लांबचं वाटत असेल तर आपल्या शेजारचं. 2009-10 ला तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात एका संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस दिली, त्यात आदिवासी मुली भरपूर, आणि खम्मममधे कितीतरी ठिकाणी सहमतीच्या कागदावर आईबापाच्या जागी हॉस्टेलच्या वॉर्डनची किंवा हेडमास्तरांची सही. लस वाईट आहे असं मी म्हणत नाही, ती जगभर देतात. पण काही मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या, चौकशीत ते लसीमुळे नाहीत असं सांगितलं गेलं, आणि तरी कुणाचा विश्वास बसेना, कारण मुळात विचारलंच नव्हतं. संसदेच्या समितीने 2013 ला चांगलंच झापलं.

आता टीमला काय विचारायचं. एथिक्स कमिटीची परवानगी दाखवा, कुठल्या संस्थेची, तारीख काय. रक्त कुठल्या कुठल्या तपासण्यांना वापरणार ते एकेक लिहून द्या, उरलेलं कुठं ठेवणार, किती वर्षं, की टाकून देणार. नंतर दुसरं काही तपासायचं झालं तर परत येऊन विचारणार का? प्रत्येक माणसाला त्याचा रिपोर्ट मिळणार का, आणि शुगर किंवा हिमोग्लोबिन गडबड निघालं तर औषधाचं काय, का नुसतं 'सिव्हिलला दाखवा' म्हणून चिठ्ठी? पेपर छापताना कॉलनीचं नाव टाकणार का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण उद्या 'अमुक वस्तीत दारूचं प्रमाण इतकं' अशी बातमी पोरांच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूपर्यंत जाते. छापण्याआधी मसुदा मराठीत आम्हाला वाचून दाखवा, चुकीचं वाटलं तर आमचं म्हणणं त्यात छापा, हे पण मागा.

हे तुम्ही जास्त मागताय असं ते म्हणतील. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी (तिथले आदिवासी) 1998 पासून हेच लावून धरलंय, माहिती आमची, ताबा आमचा, बघायचा हक्क आमचा आणि ठेवायची पण आम्हीच, विद्यापीठं ते मान्य करून काम करतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सान आदिवासींनी 2017 ला स्वतःची नियमावलीच काढली, छोटीशीच, संशोधकाने आधी ती मान्य करायची मग आत यायचं. तुमच्या मंडळाने एक पान केलं तरी भरपूर. लॉ कॉलेजच्या पोरांना सांगा मसुदा करायला, त्यांनाही प्रॅक्टिस होईल. कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातही विचारता येतं, 15100 हा त्यांचा हेल्पलाइन नंबर.

आणि आणखी एक, कोर्टाचं आहे म्हणून कामाला येईल. 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने सुकन्या शांता प्रकरणात जेलच्या नियमावल्यांतला जातीवरून कामं वाटायचा प्रकार रद्द केला, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला लावला, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना स्पष्ट निर्देश दिले. निकालाची मराठीत एक-दोन पानं करून मंडळाच्या ऑफिसात लावा. रात्री कुणाला उचललं तर सकाळी धावाधाव करताना निकालाचं नाव तरी तोंडात असू दे.

टीमचं काम चांगलं वाटलं तर करू द्या बरं का. कॉलनीत किती जणांना शुगर आहे ते तुम्हालाही कळायला पाहिजे, गिरणीत आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्यांच्या फुफ्फुसांचं तर कुणी कधी नीट तपासलंच नाही, त्यांना सांगा जमलं तर ते पण घ्या. कॉलनीतल्या दोन शिकलेल्या पोरींना पगारावर टीममधे घ्या ही अट टाका, घरोघरी त्याच जातील, आणि प्रबंधावर नाही तर निदान अहवालावर त्यांचं नाव यायला पाहिजे. जुन्या प्रबंधांच्या प्रती विद्यापीठाच्या लायब्ररीत असतात, बऱ्याचशा शोधगंगा या सरकारी साइटवर फुकट वाचता येतात, तिथं सोलापूर आणि सेटलमेंट असं टाकून बघा आणि तुमच्यावर काय काय लिहून ठेवलंय ते टीमबरोबर बैठकीला बसण्याआधी एकदा वाचून काढा.

(पुढच्या अंकात जातीच्या दाखल्यावरची पत्रं घेतोय, विमुक्त-भटक्यांना 1961 च्या आधीचा पुरावा लागतो त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. कृपया मूळ कागद किंवा आधारचे फोटो पाठवू नका, अडचण नुसती लिहून कळवा.)